क्रमांक चौदाचं वाक्य

बाईंचं ऑफिसातलं नाव ‘फेरीवाली’ होतं. ते आमच्या कारकुनाने ठेवलं होतं आणि बाईंना ते माहीत होतं. दर वर्षी ठरलेल्या घरी जायचं, ठरलेल्या माणसाची मुलाखत घ्यायची, याला आमच्या कामात फेरी म्हणतात. अशा नऊ फेऱ्या झाल्या होत्या आणि नऊच्या नऊ बाईंनी एकटीने केल्या होत्या. कारकून त्यांना जिन्यात गाठून विचारायचा, “काय बाई, आज काय विकायला?”

“कान,” बाई म्हणायच्या. “तुला देऊ का एक जोडी? तुझे नुसते शोभेचे आहेत.”

आमचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. खाली भिंगं घासायचं यंत्र चालायचं. त्याची घरघर इतकी वर यायची की मुलाखती ऐकायच्या तर खिडकी लावून घ्यावी लागायची. तीन लोखंडी कपाटं, चार टेबलं, आणि एका भिंतीवर छत्तीस चौकोनांचा तक्ता. प्रत्येक चौकोनात एक क्रमांक. मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत चाललेली छत्तीस माणसं अभ्यासाच्या सुरुवातीला होती. त्यांच्या रक्ताचे आकडे हॉस्पिटलकडे होते. आमच्याकडे त्यांचं बोलणं होतं. आजार वर्षानुवर्षं घरात राहायला आला की माणूस त्याच्याबद्दल काय बोलतो, आणि ते बोलणं दर वर्षी कसं बदलतं, एवढंच आम्हाला बघायचं होतं. मी रुजू झाले तेव्हा तक्त्यावरचे सतरा चौकोन, वारलेल्या माणसांचे, पेन्सिलीने पुसट केलेले होते.

बाईंनी त्याआधी वीस वर्षं हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात काढली होती. रांगेतली माणसं खिडकीशी येऊन त्यांना नाव-पत्ता सांगायची आणि मग बाजूला व्हायचं सोडून बाकीचंही सांगत बसायची. मागची रांग ओरडायची. या अभ्यासाच्या प्रमुख मॅडम तेव्हा त्याच हॉस्पिटलात होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि बाईंना उचलून आणलं. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. भावजयीशी त्यांचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं. भावजय एकदा ऑफिसात डबा द्यायला आली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, “वन्सं लोकांच्या घरी ऐकायला जातात आणि आमच्या घरी बोलायला येतात. आमच्या कानांचं कुणी बघणार आहे का?”

“तुझे कान मोजून सहा महिने झाले असतील वापरात,” बाई म्हणाल्या. “अजून नवेच आहेत.”

बाईंची काम करायची एक पद्धत होती. टेबलावर रेकॉर्डर ठेवायचा आणि त्याच्या शेजारी स्वतःच्या चष्म्याचं मोठं लाल घर ठेवायचं, म्हणजे माणसाची नजर लाल रंगावर जाते, रेकॉर्डरवर जात नाही. समोर बसून एक अक्षरही लिहायचं नाही. बाहेर पडलं की बसायला जी पहिली जागा मिळेल तिथे बसून वीस मिनिटांच्या आत सगळं वहीत उतरवायचं: घरात कोण होतं, कोण आतून ऐकत होतं, औषधं कुठे ठेवली होती, रेकॉर्डर बंद केल्यावर दारात काय बोलणं झालं. बसथांबा, जिन्याची पायरी, कुणाची तरी ओसरी, काहीही चालायचं. एकदा त्या गाद्यांच्या दुकानात नमुन्याच्या गादीवर बसून लिहीत होत्या. दुकानदार म्हणाला, “अहो, झोपून बघा. नुसतं बसून गादी कशी कळणार?” बाईंनी ते वाक्यही वहीत लिहिलं, कारण ते वीस मिनिटांच्या आतलं होतं.

या कामात एक वाक्य वापरायला बंदी होती: ‘मागच्या वर्षी तुम्ही असं म्हणाला होतात.’ मॅडमनी पहिल्या दिवशी ते फळ्यावर लिहून त्यावर फुली मारली होती म्हणे. माणसाला त्याचं जुनं बोलणं ऐकवलं की एक तर तो ते धरून बसतो, नाही तर त्याच्याशी भांडायला लागतो. आज त्याच्या मनात काय आहे ते दोन्ही वेळा हाती लागत नाही. म्हणून जुन्या मुलाखती कपाटात बंद. आयुष्याची रेघ दर वर्षी कोऱ्या कागदावर नव्याने काढून घ्यायची, मागच्या वर्षीची दाखवायची नाही. आम्ही तिला पट्टी म्हणायचो: लांब कागद, त्यावर माणसाने आजार कळला तेव्हापासून आजपर्यंतची वर्षं स्वतःच मांडायची, कुठे खड्डा, कुठे चढ. एकाच माणसाच्या नऊ वर्षांच्या नऊ पट्ट्या शेजारी ठेवल्या तर नऊ वेगळी माणसं वाटतात.

बाईंना मात्र कपाट उघडावं लागतच नसे. “क्रमांक सहा?” म्हटलं की त्या डोळे न मिटता सांगायच्या: जिन्याखाली बिनचाकाची सायकल, उजव्या दंडाला सूज, दर वाक्याआधी ‘म्हणजे बघा’. कोण कोणत्या वर्षी काय म्हणालं ते शब्दासकट. मॅडम परक्या पाहुण्यांना सांगायच्या, “आमच्याकडे तीन कपाटं आहेत आणि एक बाई. आग लागली तर आधी बाईंना बाहेर काढा.” बाई हसायच्या. त्यांना ते आवडायचं.

मी आले ती संगणकाचं काम बघायला. नऊ वर्षांचा अहवाल लिहायला घेतला होता आणि त्यात पद्धतीचं एक प्रकरण हवं होतं. अहवालात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून आलं हे नोंदवायचं: ध्वनिमुद्रणातून, बाईंच्या वहीतून, घरच्या माणसाने लिहिलेल्या रोजनिशीतून, की पट्टीवरून. माणसं खूप आणि शब्द लाखांनी, म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो सगळ्या टाइप केलेल्या मुलाखतींमधून सलग सात शब्दांचे तुकडे घ्यायचा आणि कोणता तुकडा पुन्हा कुठे आलाय ते दाखवायचा. एकच मुलाखत दोनदा टाइप झाली असेल तर ती सापडावी, इतकाच हेतू.

पहिल्या दिवशी यादीत आलं ते सगळं ‘आता तुम्हाला काय सांगू, सांगण्यासारखं काही नाही’ या चालीचं. बाईंनी पडद्यावर वाकून पाहिलं. “एवढ्यासाठी यंत्र लागलं? मला विचारायचंस. छत्तीस घरांत मी हेच ऐकत आलेय, आणि त्यानंतर प्रत्येकाने दोन तास सांगितलंय.”

तिसऱ्या दिवशी यादीत एक लांब वाक्य आलं. सात नाही, चौदा शब्दांचं.

‘कडी लावून आल्यावर नीट लागली का असं विचारणारं कुणीतरी घरात हवं, म्हणून हो म्हणालो.’

ते चार ठिकाणी होतं. क्रमांक चौदाच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या फेरीत. आणि क्रमांक एकतीसच्या तिसऱ्या फेरीत.

क्रमांक चौदा म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ. बाई त्यांना घड्याळजी म्हणायच्या. क्रमांक एकतीस म्हणजे बसचे एक निवृत्त कंडक्टर. ते पाचव्या फेरीच्या आधी वारले होते. मला वाटलं, टाइप करताना फायली मिसळल्या. मी खिडकी लावली आणि चारही जागा ऐकल्या. फायली मिसळलेल्या नव्हत्या. कंडक्टरांच्या खोकल्यात अडकलेल्या आवाजात ते वाक्य पहिल्यांदा आलं होतं. घड्याळजींनी ते तीन वर्षं, दर वर्षी एकदा, जवळपास त्याच सुरात म्हटलं होतं. त्यांना विचारलं होतं: डायलिसिसला हो का म्हणालात?

मी बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि सहज म्हणाल्या, “घड्याळजींचंच आहे ते. तिसऱ्या फेरीचं. एकतीसकडे कसं गेलं?”

“बाई, तिसऱ्या फेरीत घड्याळजी असं कुठे म्हणालेले नाहीत.”

“म्हणालेत.”

“मी दोनदा ऐकलं.”

“तिसऱ्यांदा ऐक. मी समोर बसले होते, तू शाळेत असशील तेव्हा.”

आम्ही दोघींनी मिळून ऐकलं. एक तास छप्पन्न मिनिटं. त्यात घड्याळजींनी डायलिसिसला हो म्हणाल्याचं एकदाच सांगितलं होतं. “डॉक्टरांनी विचारलं, सोमवारपासून सुरू करायचं का? मी म्हटलं, हो. का म्हटलं ते विचारू नका. पायात चपला नव्हत्या, बाहेर काढून ठेवायला लावल्या होत्या. फरशी गार होती. मला तिथून लवकर उठायचं होतं.” मग रेकॉर्डरवर बाईंचं हसणं ऐकू आलं, घड्याळजींचंही, आणि बोलणं दुसऱ्या विषयावर गेलं.

खाली यंत्राची घरघर चालू होती, लावलेल्या खिडकीतूनही थोडी येत होती. मग बाई उठल्या, तिसरं कपाट उघडलं आणि सहाव्या फेरीची वही काढली. वह्या टाइप झालेल्या नव्हत्या. बाईंचं अक्षर बाईंशिवाय कुणाला लागत नसे. त्यांनी पान काढून मला वाचून दाखवलं, हिशोबी आवाजात, मध्ये न थांबता.

“क्रमांक चौदा. रेकॉर्डर बंद केल्यावर. वहिनी बाजारात. म्हणाले, आता सोडतो, शनिवारपासून जाणार नाही. म्हणाले, मी याला हो का म्हणालो तेच आठवत नाही, तुमच्याकडे आहे ते, सांगा. नियम सांगितला. म्हणाले, माझंच बोलणं मला द्यायला तुमचा नियम आड येतो का? मी त्यांना त्यांचं तिसऱ्या फेरीतलं वाक्य सांगितलं. पाणी मागितलं. शनिवारी जाईन म्हणाले.”

वही बंद करून त्या म्हणाल्या, “लपवलं नव्हतं मी. लिहिलं होतं.”

“हो.”

“नियम मोडला ते लिहिलं होतं. वाक्य चुकीचं दिलं ते मला आज कळलं.”

दोन्ही मुलाखती तिसऱ्या फेरीच्या एकाच आठवड्यातल्या होत्या. मंगळवारी कंडक्टर, गुरुवारी घड्याळजी. दोघांकडे टेबल खिडकीखाली. दोघांनी रेघ काढताना एकाच जागी खड्डा दाखवला होता. नऊ वर्षं छत्तीस घरांचं बोलणं डोक्यात घेऊन हिंडणाऱ्या बाईंच्या डोक्यात एका घराचं वाक्य दुसऱ्या घरात जाऊन बसलं होतं. आणि घड्याळजी त्या वाक्यावर आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, जवळजवळ चार वर्षं खुर्चीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर विषय निघाला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पेन्सिल दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, “सोपं आहे. चौदाच्या सातपासूनच्या फेऱ्या अहवालातून बाहेर. सहावी पण नको. पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळी लिहू. असं होतं, बाई. इतक्या वर्षांत एकदा झालं.”

“आणि घड्याळजी?” बाई म्हणाल्या.

“त्यांचं काय?”

“त्यांना सांगायला नको?”

“काय सांगणार? जे धरून तुम्ही इतकी वर्षं जाताय ते तुमचं नाही, असं?” मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. “बाई, त्यांनी सोडलं तर? डायलिसिस सोडलं की माणूस किती दिवस राहतो, तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग?”

“त्यांनी स्वतःची वस्तू मागितली होती,” बाई म्हणाल्या. “मी दुसऱ्याची दिली. दुरुस्तीला दिलेलं घड्याळ बदललं गेलं तर दुकानदार सांगतो ना? का गिऱ्हाईक वेळ बघतंय म्हणून गप्प बसतो?”

कारकून दारात चहा घेऊन उभा होता. त्याने त्या दिवशी काही विनोद केला नाही.

असल्या गोष्टींसाठी आमची एक समिती होती. तिच्याकडे पत्र गेलं. उत्तराला सतरा दिवस लागले. उत्तर एका पानाचं होतं: सांगावं, आधी त्यांच्या डॉक्टरांना कल्पना द्यावी, वाक्य मुळात कुणाचं ते कोणत्याही परिस्थितीत सांगू नये. या सतरा दिवसांत बाई रोज यायच्या, कपाट उघडायच्या आणि एकेक जुनी मुलाखत स्वतःच्या वहीशी ताडून बघायच्या. इतर कुठे वाक्य इकडचं तिकडे झालेलं सापडलं नाही. पण आता ‘क्रमांक सहा?’ म्हटलं की त्या सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, “बघून सांगते.”

दहाव्या फेरीत घड्याळजींकडे त्या मला सोबत घेऊन गेल्या. जुनं ध्वनिमुद्रण ऐकवायचं होतं आणि त्या यंत्राशी त्यांना झटापट नको होती, म्हणून. डॉक्टरांना कळवून झालं होतं, आणि मला आणायची परवानगी घड्याळजींकडून फोनवर घेतली होती.

घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं कामाचं टेबल. त्यावर हिरवं कापड, चिमटे आकाराप्रमाणे लावलेले, काचेच्या बशीत स्क्रू. ते आता गिऱ्हाइकांची कामं घेत नव्हते, पण टेबल मोडलं नव्हतं. डाव्या हाताच्या कोपराखाली डायलिसिसची फुगलेली शीर होती. तो हात ते टेबलावर वेगळा ठेवायचे, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलेला असावा तसा. घड्याळजींची बायको मधल्या दारात स्टुलावर बसून उशांचे अभ्रे शिवत होती.

“आज दोघी?” घड्याळजी म्हणाले. “माझा आजार वाढला की तुमचं ऑफिस?”

“ऑफिस,” बाई म्हणाल्या. “दादा, आज आधी मला बोलायचंय. मग तुम्हाला वाटलं तर मुलाखत.”

“म्हणजे उलटी फेरी.”

“वहिनींना थोडा वेळ आत...”

“तिला कशाला उठवता? ती आतून ऐकतेच. इथूनच ऐकू दे, मान तरी अवघडणार नाही.”

“ऐकते म्हणे,” बायको अभ्र्यावरची नजर न काढता म्हणाली. “दोन खोल्यांत न ऐकता राहायचं कसं, ते शिकवा एकदा.”

बाईंनी सांगितलं. घाई केली नाही, लांबवलंही नाही. सहाव्या वर्षी तुम्ही मला विचारलंत. मी सांगायला नको होतं, सांगितलं. जे सांगितलं ते तुमचं नव्हतं. चूक माझी.

घड्याळजी ऐकत होते. त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही. त्यांनी एक चिमटा उचलला आणि परत त्याच्या जागी ठेवला.

“मग कुणाचं?”

“ते सांगता येत नाही.”

“तुमच्या छत्तिसांतल्या कुणाचं तरी.”

बाई चष्मा काढून पुसायला लागल्या.

“म्हणजे हो. आहे का तो?”

“दादा, नका विचारू.”

“बरं. मग मी काय म्हणालो होतो?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ध्वनिमुद्रण लावलं. सात वर्षांपूर्वीचा त्यांचा आवाज खोलीत आला, आताच्यापेक्षा भरदार. डॉक्टर, सोमवार, चपला, गार फरशी. बाईंचं हसणं. मी बंद केलं.

“पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं.

“फरशी गार होती,” घड्याळजी म्हणाले. “खरंय. आठवतंय मला. मोजे पण नव्हते.” आणि ते हसले. मोठ्याने नाही. “मी इतकी वर्षं लोकांना काय काय सांगतोय! त्या डायलिसिसच्या तंत्रज्ञाला सांगितलं, साडूला सांगितलं. साडूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, लेकाच्या. आणि मी उठलो होतो ते पाय गारठले म्हणून.”

मधल्या दारातून शिवायचा आवाज थांबला होता.

“अहो,” बायको म्हणाली, “म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच.”

बाईंनी मान खाली घातली. मी यंत्राची वायर गुंडाळायला लागले आणि मग ते बरं दिसणार नाही असं वाटून थांबले.

“तेव्हा नव्हतं,” घड्याळजी म्हणाले.

“तीनदा सांगितलंत तुम्ही, बाईंना, माझ्यादेखत. मी आत जाऊन रडले होते पहिल्यांदा. बहिणीला फोन करून सांगितलं, बघ, एवढ्या वर्षांत माणूस पहिल्यांदा काहीतरी बोलला.”

“मला काय माहीत? मला वाटलं, मीच बोललो.”

“आणि ते रोज विचारणं? कडी लागली का, कडी लागली का?”

“ते विचारतो ते मीच विचारतो. ते काही बाईंनी नाही सांगितलेलं.”

“पण त्याच्या आधी कधी विचारलं नव्हतंत.”

“नव्हतं,” ते म्हणाले. “खरंय.”

बायको उठली, आत गेली. भांड्याचा आवाज आला नाही, नळाचाही आला नाही. ती तशीच आत उभी असावी. घड्याळजींनी बाईंकडे पाहिलं.

“चार वर्षं लागली तुम्हाला, बाई.”

“मला कळलंच महिन्याभरापूर्वी.”

“घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडत असेल तर मी पहिल्याच दिवशी...” ते अर्ध्यावर थांबले. “जाऊ दे. तो कागद आणलाय ना?”

दर फेरीला संमतीचा नवा कागद लागतो. बाईंनी तो पुढे केला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि ओळीन् ओळ वाचली. इतकी वर्षं ते न वाचता सही करायचे. ‘पूर्वीच्या सर्व मुलाखती वापरण्यास माझी संमती आहे’ या ओळीशी आल्यावर त्यांनी पेन मागितलं.

“हे खोडलं तर काय होतं?”

“त्या मुलाखती आम्ही वापरणार नाही,” बाई म्हणाल्या. “सगळ्या. पहिल्यापासूनच्या.”

“आणि सहापासूनच्याच खोडल्या तर?”

“तर तेवढ्याच. मॅडम तेच करणार होत्या.”

“का बरं? त्या खोट्या आहेत?”

“तुम्ही खरंच बोललात. पण मी भरवलेलं बोललात.”

“मी जेवलो ना पण ते,” घड्याळजी म्हणाले. त्यांनी ती ओळ खोडली नाही. तिच्या खाली, समासात, बारीक अक्षरात लिहिलं: ‘सहाव्या वर्षी बाईंनी चुकून दुसऱ्याचं सांगितलं. मी ते माझं समजलो. हे असंच छापावं.’ सही केली, तारीख घातली, आणि टेबलावरच्या एका पट्टा नसलेल्या घड्याळात बघून वेळही घातली.

“करा सुरू तुमचं मशीन. आणि विचारा.”

बाईंनी रेकॉर्डर सुरू केला. लाल घर पर्समध्येच राहिलं. पुढचा प्रश्न त्यांनी त्याआधी नऊ वर्षांत शेकडो वेळा विचारला असेल. या वेळी त्यांना तो दोनदा विचारावा लागला.

“डायलिसिसला हो का म्हणालात?”

“पाय गारठले होते.”

“आणि नंतर जात का राहिलात?”

“सहाव्या वर्षापर्यंत कारण नव्हतं. जायचं म्हणून जात होतो. मग नको झालं. मग तुम्ही ते वाक्य दिलंत, त्यावर गेलो.”

“आणि आता?”

“आता काय.” त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. “आता तेही नाही. आज सकाळी विचारलं असतंत तर पाठ केल्यासारखं सांगितलं असतं. आता मला सांगता येत नाही. शनिवारी जाऊ की नको, खरंच सांगता येत नाही.”

मधल्या दारात बायको येऊन उभी होती. हातात कापड नव्हतं.

“शनिवारी जायचंय,” ती म्हणाली.

“अगं, पण कशासाठी ते तर...”

“माझ्यासाठी जाऊ नका. आता मला नकोच ते. मी सोबत येईन, दरवेळी येते तशी. पण माझ्यासाठी जातो असं परत कुणाला सांगायचं नाही. साडूला तर मुळीच नाही.”

“मग कशासाठी जाऊ?”

“ते तुमचं तुम्ही बघा. चार तास बसायला मिळतं ना तिथे, तेव्हा बघा. बस साडेसातची आहे.”

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले. मग बाईंकडे वळून म्हणाले, “हे सगळं येतंय का त्यात?”

“येतंय.”

“येऊ दे.”

मुलाखत पुढे एक तास चालली. त्यात ते डायलिसिसबद्दल पाच-सहा मिनिटंच बोलले. बाकी सगळं साडूबद्दल आणि एका परदेशी घड्याळाबद्दल, ज्याचा एक भाग त्यांना अकरा वर्षं मिळाला नव्हता.

बाहेर आल्यावर बाई कोपऱ्यावरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि वही काढली. मी उभी राहिले. सोळा मिनिटं लिहीत होत्या. मग वही माझ्या हातात दिली. “वाच. तू पण होतीस. माझं काही इकडचं तिकडे झालं असेल तर आत्ताच सांग.”

अक्षर लागायला मला वेळ लागला. एका ठिकाणी त्यांनी ‘साडेसातची बस’ हे घड्याळजींच्या तोंडी घातलं होतं. मी सांगितलं, ते वहिनी म्हणाल्या. बाईंनी खोडून दुरुस्त केलं आणि बाजूला माझी सही घेतली.

आता हा आमच्याकडे नियम आहे. दोघांनी जायचं, एकाने लिहायचं, दुसऱ्याने पायरीवरच वाचायचं. पद्धतीच्या प्रकरणात मॅडमनी दोन ओळींऐवजी पाच पानं दिली आणि समासातलं ते वाक्य तसंच छापलं. क्रमांक एकतीसच्या विधवेची परवानगी नव्याने घेतली, तिला कारण न सांगता.

घड्याळजी अकराव्या फेरीला होते. डाव्या हाताची शीर बंद पडली होती, आता गळ्याशी नळी होती. वहिनी बाजारात गेल्या होत्या. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले, “ज्या त्या दिवशी सकाळी ठरवतो. गेल्या वर्षात दोनदा नाही गेलो. दोन्ही वेळा ही एकटीच बसपर्यंत जाऊन परत आली.”

“का?”

“ते तिला विचारा,” घड्याळजी म्हणाले. “मला ती सांगत नाही.”